मेश्राम ताईंचं एकच फूल

डच माणसाची खिडकी म्हणजे त्याची अब्रू. पडदा लावायचा नाही, आणि आत कट्ट्यावर दोन सारख्या कुंड्या, दोन सारखी ऑर्किडं, जमलंच तर मधोमध एक मांजर, तेही सरळ बसलेलं. आमच्या फोरबर्गच्या गल्लीत अशा खिडक्यांची कवायतच चालायची. एकाच घराने ती बिघडवली होती. त्या खिडकीत जोडी नव्हतीच. एकटंच एक भांडं उभं होतं. वीतभरापेक्षा थोडं उंच, कंबरेत मोडल्यासारखं, तोंड वाकडं, दोन्ही बाजूंना दोन कान. एका अंगाने ते जळून काळंकुट्ट झालं होतं आणि दुसऱ्या अंगावर हिरव्या काचेसारखा ओघळ थिजला होता.

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून महिनाभरासाठी म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. संध्याकाळी पायी फिरून येणं एवढीच काय ती चैन उरली होती. परदेशात मराठी कोणाला कळत नाही, या भरवशावर आई आपली सगळी मतं खणखणीत आवाजात मांडत चालायच्या. त्या खिडकीपुढे त्या थांबल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "दूध उतू गेलेलं पातेलं आहे हे. वर कुणी घासलेलंही नाही."

तेवढ्यात त्या घराचं दार उघडलं. ट्रॅकसूट घातलेली, पायात नुसते मोजे, अशी एक उंच, भरदार बाई दाराच्या चौकटीला धरून हसत होती. हसणं म्हणजे कसं, तर समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "मावशी, मीपण हेच म्हटलं होतं जी! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अगदी हेच!" असं म्हणत ती दोन्ही हात पसरून आमच्याकडे धावली. अर्ध्या वाटेत तिला अंतर ठेवायचा नियम आठवला, ती गर्रकन मागे सरली आणि पाठीमागच्या कुंपणाच्या झुडपात बसली. तिथून उठायची तिने घाई केली नाही. झुडपात बसूनच तिने आमची नावं, गावं आणि रात्री काय जेवणार, एवढं सगळं विचारून घेतलं.

या यशोधरा मेश्राम. मूळ नागपूरच्या. इथल्या एका संशोधन संस्थेत भट्ट्यांसाठी लागणारी सिरॅमिकची सामग्री करायच्या. आमच्यापासून चार घरं सोडून राहत होत्या आणि आमची त्यांची ओळख व्हायला जगाला बंद पडावं लागलं.

आईंनीही आपल्या पद्धतीने चौकशी पूर्ण केली. आडनाव विचारून झालं होतं, गाव विचारून झालं होतं, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे देव कोणता?" मी जमिनीकडे बघायला लागले. मेश्राम ताई मात्र खुशीत म्हणाल्या, "आमच्याकडे देव नाही जी, आमच्याकडे चहा आहे. या एकदा."

त्या दिवशी आम्हाला वाटलं, चहा म्हणजे आपला चहा. तोही त्या करायच्या, आणि पातेलंभर करायच्या. एका माणसासाठी चहा करणं त्यांना यायचंच नाही. त्यांचं सगळंच तसं होतं. सावजी मसाला घालून रस्सा केला की तो गल्लीभर पुरायचा. दाराच्या मुठीला डबा अडकवून जायच्या आणि लांब जाऊन फोन करून सांगायच्या, "दार उघडा, पण मी गेल्यावर." बशीत एकच समोसा उरला की त्याच्या शेजारी दुसरा आणून ठेवायच्या. स्टेशनबाहेर एखादी सायकल बाजूला एकटी उभी दिसली की आपली सायकल मुद्दाम तिच्याजवळ लावायच्या. का, म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "एकटं कसं सोडायचं जी?"

स्वतः मात्र एकट्या राहत होत्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि त्यांच्या घरातल्या गोंगाटात ते आमच्या कधी लक्षातही आलं नाही.

खरा चहा वेगळाच होता. तो जपानी होता आणि तो त्यांना ओकादा बाईंनी शिकवला होता. ओकादा बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे फार पूर्वी इकडे आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या, आणि ज्याला गुडघे दुमडून बसता येईल त्याला चहाचा विधी शिकवू लागल्या. मेश्राम ताईंना गुडघे दुमडून बसता येत नव्हतं, तरी त्या शिकायला गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे सगळं शिक्षण डचमधून झालं. दोघींचं डच इतकं मोडकं होतं की त्यात खोटं बोलायची सोयच नव्हती.

या चहात बोलणं कमी, सामान कमी. रिकामी खोली, हिरवा चहा घुसळायचं एक वाडगं, आणि भिंतीतल्या कोनाड्यात एक फुलदाणी. त्या फुलदाणीत एक फूल, तेही रस्त्याकडेला उगवलेलं जसंच्या तसं आणून ठेवल्यासारखं दिसलं पाहिजे. आईंनी उतू गेलेलं पातेलं म्हटलेलं ते भांडं म्हणजे ही फुलदाणी. ओकादा बाईंच्या गावच्या कुंभाराने केलेली. लाकडं घालून दिवसचे दिवस पेटत ठेवलेल्या भट्टीत ती अगदी जाळाच्या तोंडाशी उभी होती. निखारे तिच्या अंगावर ढासळले, राख उडून बसली, ती राख वितळून तिची काच झाली आणि ओघळली. त्यावर ना कुणी रंग दिला, ना कुणी झिलई चढवली.

मेश्राम ताई सांगायच्या, "दिवसभर मी लॅबमध्ये डाग शोधते. एवढासा डाग दिसला की माल बाद. आणि संध्याकाळी घरी येऊन या डागाला नमस्कार करते. माझं कोणीतरी डोकं तपासायला पाहिजे."

पण फुलदाणी त्यांची नव्हती. ओकादा बाई थकल्या, लायडस्खेनडामच्या एका केअर होममध्ये राहायला गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी ती मेश्राम ताईंकडे सांभाळायला दिली. दिली म्हणजे सोपवली. ज्या दिवशी तू फूल बरोबर ठेवशील त्या दिवशी ती तुझी, असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मेश्राम ताई ती फुलदाणी घेऊन बाईंच्या खोलीत जायच्या, फूल ठेवायच्या, आणि बाई बघून एकच शब्द बोलायच्या, "जास्त."

आता एका फुलात जास्त ते काय, असं मीही विचारलं. तर तिथेच मेख होती. मेश्राम ताई एक फूल ठेवायच्या, मग त्यांना ते एकटं वाटायचं, मग त्या हळूच शेजारी एक कळी खोवायच्या. कळी बाईंनी काढायला लावली तर पुढच्या वेळी एक लांब पान यायचं. पान काढलं तर गवताची काडी. बाईंच्या डोळ्यांतून काडीही सुटायची नाही. त्यात मेश्राम ताईंची सवय बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला ताटं भरभरून फुलं वाहायची. आमच्या नागपूरला फूल मोजून आणत नाही जी, टोपलीने आणतो, असं त्या म्हणायच्या. मला ते पटायचं. आमच्याकडेही गणपतीला वाहिलेला एकटा झेंडू कुणी बघितलेला नाही.

लॉकडाऊन लागला आणि केअर होमची दारं बाहेरच्यांसाठी बंद झाली. गुरुवार आला. मेश्राम ताईंनी आपली बाकफीट्स, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल काढली. इथल्या आया त्यात मुलं बसवतात, यांनी त्यात चटई, किटली, वाडगं आणि फुलदाणी बसवली. फुलदाणीला पट्टा बांधला होता. केअर होमच्या समोरच्या फुटपाथवर, वरच्या मजल्यावरच्या ओकादा बाईंच्या खिडकीसमोर त्यांनी चटई अंथरली आणि त्या चहाला बसल्या. आम्ही दोघी तमाशा बघायला म्हणून लांब एका बाकावर जाऊन बसलो होतो.

वारा इथला नेहमीचाच, म्हणजे माणसाला उभं राहू न देणारा. हिरव्या चहाची भुकटी उडून मेश्राम ताईंच्या भुवया हिरव्या झाल्या. फूल उडालं, त्यांनी मोज्यांतच धावत जाऊन ते धरून आणलं. वर खिडकीत ओकादा बाई बसल्या होत्या, पांढऱ्या केसांची एवढीशी मूर्ती. काचेतून आवाज जात नव्हता. मेश्राम ताईंनी फुलदाणी दोन्ही हातांनी वर धरली. बाईंनी निरखून बघितलं, मग हात वर केला आणि दोन बोटांची कात्री करून हलवली. काप.

मेश्राम ताईंनी पान कापलं. पुन्हा फुलदाणी वर. पुन्हा कात्री. रस्त्यावरून जाणारा पोस्टमन थांबून बघायला लागला. शेवटी फुलाचा नुसता दांडा उरतो की काय, असं आईंना वाटायला लागलं.

दुसऱ्या गुरुवारी शेजारच्या खिडक्यांतही म्हातारी माणसं येऊन बसली. तिसऱ्या गुरुवारी त्या अंगाच्या सगळ्या खिडक्या भरल्या. फुलदाणी वर गेली की सगळे मिळून कात्र्या करायचे. एक आजोबा तर फुलदाणी वर जायच्या आधीच करायचे. मेश्राम ताईंना ते सहन होईना. इतकी माणसं एकेका खिडकीत एकेकटी बसलीत आणि आपण फूल आणतो एक! त्या वसंतात बाजार बंद असल्यामुळे ट्यूलिपवाल्या शेतकऱ्यांकडे फुलं पडून होती, कुणीतरी बादल्या भरून वाटत होतं. पुढच्या गुरुवारी बाकफीट्सच्या पेटीत मावेनात इतके ट्यूलिप घेऊन त्या आल्या. नर्सने दारातून ते आत नेले, आणि थोड्या वेळाने प्रत्येक खिडकीत लाल, पिवळे, जांभळे झुबके दिसायला लागले. म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती. ओकादा बाईंच्या खिडकीत मात्र दोन कात्र्या चालू होत्या, दोन्ही हातांनी. पण त्यांच्या मागच्या टेबलावर ट्यूलिप होते, आणि त्यातला एकही त्यांनी कापलेला नव्हता. ते आईंनी बरोबर हेरलं.

मे महिन्यात मेश्राम ताईंना कोविड झाला. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, फोनवरच पॅरासिटामॉल घेऊन घरात बसायला सांगितलं. हे ते कोणत्याही आजाराला सांगतात. ताप होता, पण मेश्राम ताईंची काळजी एकच, उद्या गुरुवार. त्यांनी स्वेटरमध्ये गुंडाळलेली फुलदाणी उंबऱ्यावर ठेवली आणि खिडकीतून फोन करून मला सूचना दिल्या. आधी पाण्यात बुडवून ओली करायची, ओली झाली की तिचा रंग जागा होतो. एक फूल ठेवायचं. नेऊन दाखवायची. बस.

आता योगायोग असा, की दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि विमानं सुरू व्हावीत म्हणून आईंनी सत्यनारायण घालायचा ठरवला होता. घरात तांब्या नव्हता. स्टीलचे पेले होते, कॉफीचे मग होते, पण कलश करावा असं काही नव्हतं. मी वरच्या खोलीत हूफडॉर्पच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कानाला हेडफोन. खाली आईंना टेबलावर मी सकाळीच भिजवून ठेवलेली ती फुलदाणी दिसली. आतून-बाहेरून ओली, पाणी धरणारी, मातीची, तोंडाने रुंद. त्यांनी आधी काथ्या आणि चिंच घेऊन ती घासली, कारण न घासलेलं भांडं पूजेला घेणं त्यांच्या जिवावर आलं. काळं काही निघेना तेव्हा हेग शहरातल्या सुरिनामी दुकानातून आणलेला नारळ त्यांनी वर ठेवला. तोंड वाकडं, नारळ कलंडला. त्यांनी तो जरा दाबून बसवला. मग पाच बोटं कुंकवाची ओढली.

पूजा छान झाली. आरती झाली. प्रसाद झाला. नारळ निघेना.

मी ओढला, नवऱ्याने ओढला, तेल सोडलं, हेअर ड्रायरची हवा घातली. नवऱ्याने करवत शोधायला सुरुवात केली तेव्हा मी घाबरून मेश्राम ताईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोनच्या पडद्यावर ते ध्यान बघितलं. शेंडी वर केलेला नारळ, खाली दोन कानांचं वाकडं तोंड, त्याला कुंकू. त्या हसायला लागल्या, मग खोकायला लागल्या, मग दोन्ही एकदम. मला वाटलं आता ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते.

श्वास सापडल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या घरी पूजा बंद होऊन दोन पिढ्या झाल्या मावशी. आणि तुम्ही माझ्या भांड्यालाच हिंदू करून टाकलं."

आईंचा चेहरा उतरला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मेश्राम ताईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण लगेच त्यांच्यातली शास्त्रज्ञ बोलायला लागली. नारळाच्या डोळ्यातून स्क्रूड्रायव्हर घाला, पाणी काढा. मग सगळं गार ओव्हनमध्ये ठेवा आणि हळूहळू, अगदी हळूहळू तापवा. भांडं आगीतून आलंय, ते तुमच्या ओव्हनला ओळखणारही नाही. नारळ मात्र आधी हार मानेल.

आम्ही ओव्हनच्या काचेपुढे ओळीने जमिनीवर बसलो. खोबऱ्याचा खरपूस वास घरभर सुटला. आई मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होत्या. मग आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि नारळ मधोमध तडकला. फुलदाणी जशीच्या तशी. आईंनी तिथेच डोळे पुसले आणि त्या खोबऱ्याची चटणी करायला घेतली. चटणी मेश्राम ताईंच्या उंबऱ्यावर पोचती झाली. त्यांची चव गेली होती, त्यांना मीठ आणि मिरची काहीच कळलं नाही. ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि आई त्यावर दोन दिवस रुसून होत्या.

पण गुरुवार अजून संपलेला नव्हता. फुलदाणी घासून चार बोटांचं कुंकू निघालं, पाचवं खरखरीत राखेत जाऊन बसलं होतं आणि ओव्हनच्या धगीने गडद झालं होतं. तशीच ती घेऊन आम्ही दोघी धावत गेलो. आईंनी वाटेत कालव्याच्या काठचं एक पांढरं रानफूल तोडलं आणि त्यात ठेवलं. एकच ठेवलं, कारण त्यांच्या अंगात आणखी काही करायचं बळ उरलं नव्हतं.

ओकादा बाईंनी बघितलं. आम्ही कात्रीची वाट बघत होतो. कात्री आली नाही. त्यांनी नर्सला खिडकी फटभर उघडायला लावली आणि त्या लाल बोटाकडे खूण करून डचमध्ये विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंची प्रार्थना. बाईंनी आईंकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. मग फुलाकडे बघून मान हलवली, बरोबर आहे अशी, आणि खिडकी बंद झाली.

हे ऐकून मेश्राम ताई फोनवर किंचाळल्या, "इतकी वर्षं मी गुडघे फोडून राहिले आणि मावशी एका दिवसात पास?" आईंनी विजय मोठ्या मनाने स्वीकारला. होईल गं तुझंही, लक्ष देत जा, असं त्यांनी समजावलं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली ती जमलीच. देव कोणता, हे आईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. शरदात विमानं सुरू झाल्यावर आई पुण्याला गेल्या, पण दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, मला नाही, मेश्राम ताईंना. पास झालीस का?

नव्हत्या झाल्या. उन्हाळ्यात काही दिवस भेटायला परवानगी मिळाली तेव्हा मधे प्लास्टिकची भिंत होती, अलीकडे फुलदाणी आणि पलीकडे कात्री. हिवाळ्यात पुन्हा दारं बंद. ओकादा बाईंचा पलंग खिडकीशी सरकवला गेला. आता त्या बसत नव्हत्या, उशीला टेकून बघायच्या. कात्री अजून व्हायची, पण बोटं फार हळू हलायची, आणि हात वर यायला इतका वेळ लागायचा की फुटपाथवर उभ्या मेश्राम ताईंचे हात भरून यायचे. तरी त्या फुलदाणी खाली घ्यायच्या नाहीत.

अशाच एका गुरुवारी परतताना त्या सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालल्या. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "भांड्याचं मला काही नाही अनघा. पण माझ्या हातून एकदा तरी बरोबर झालेलं त्यांनी बघितलं पाहिजे. त्या गेल्या की मी कोणाला विचारणार, जास्त झालं का म्हणून?"

पहिल्यांदाच मला त्यांचं घर दिसलं, म्हणजे रस्सा आणि हसणं वजा करून दिसलं.

फेब्रुवारीत बर्फ पडला. इथे आजकाल तो क्वचितच पडतो, त्यामुळे सगळा देश पोरासारखा वागतो. कालवे गोठले, लोक मीटिंगमधून उठून स्केटिंगला गेले. त्याच आठवड्यात केअर होममधून मेश्राम ताईंना फोन आला. बाईंची तब्येत खालावली आहे, एका माणसाला खोलीत येता येईल, आणि बाईंनी तुमचं नाव सांगितलं आहे.

मेश्राम ताईंनी माझ्या दारावरची घंटा वाजवली ती वाजवतच ठेवली. बर्फात फूल कुठून आणायचं? दुकानातलं फूल चालणार नव्हतं, ते बाईंनी लांबूनच ओळखलं असतं. आम्ही दोघी पार्कात गेलो, गुडघ्यावर बसून झाडांच्या बुंध्यांपाशी हातमोज्यांनी बर्फ उकरायला लागलो. कुत्र्यांना घेऊन फिरणारे लोक आम्ही काय हरवलं ते विचारून जात होते. शेवटी एका झाडाखाली बर्फाच्या थेंबासारखी छोटी पांढरी फुलं सापडली, मान खाली घालून उभी असतात ती. मेश्राम ताई त्यांच्यापुढे बराच वेळ बसून होत्या. मग एक खुडलं. मी पुढे झाले होते, मागे वळून बघितलं तर त्या अजून तिथेच वाकलेल्या.

बाकफीट्स बर्फात चालेना. शेजाऱ्यांच्या मुलांची घसरगाडी मागून आणली, तिच्यावर फुलदाणी गोधडीत गुंडाळून दोरीने बांधली आणि मेश्राम ताई तिला ओढत निघाल्या. मागे मी, माझ्या मागे घसरगाडीची मालक असलेली मुलं, त्यांच्या मागे कुत्रं. केअर होमच्या दारात त्यांनी दोरी माझ्या हातात दिली, फुलदाणी उचलली, मास्क लावला आणि आत गेल्या.

मी खाली उभी राहिले. खिडकीत काचेवर बाष्प होतं, काही दिसत नव्हतं. इतर खिडक्यांतली माणसं खाली बघत होती. त्या आजोबांनी मला कात्री करून दाखवली आणि खांदे उडवले. मीही खांदे उडवले.

बऱ्याच वेळाने मेश्राम ताई बाहेर आल्या. मास्क ओला झाला होता. रडल्या होत्या की हसल्या होत्या ते कळेना. घसरगाडीवर त्या मटकन बसल्या, फुलदाणी मांडीवर घेतली, आणि म्हणाल्या, "एकच ठेवलं जी. अगदी एकच. हात बांधून बसले. त्यांनी बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, कमी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कमी! इतकी वर्षं कापून कापून माझा जीव घेतला, आणि आज म्हणतात कमी. म्हणाल्या, आज बाहेर बर्फ आहे, आज त्याला एकटं ठेवू नको."

मग म्हणे तिथे खोलीतच त्यांनी कोटाच्या खिशातून दुसरं फूल काढलं. खिशात ठेवल्यामुळे ते चुरगळलं होतं. राहवलंच नव्हतं त्यांना, पार्कातच दोन खुडली होती. बाईंनी ते खिशातून बाहेर येताना पाहिलं आणि हसून सांगितलं, मला माहीत होतं तुझ्याकडे असणार. ते दुसरं फूल पहिल्याशेजारी टेकलं, बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांनीच फुलदाणीकडे हात केला. घेऊन जा, तुझी.

मेश्राम ताई हे सांगता सांगता पुन्हा हसायला लागल्या, त्या मोठ्या, गल्ली हलवणाऱ्या हसण्याने, आणि गाल मात्र ओले होत होते. वरच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना काय झालं ते कळलेलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालं एवढं दिसलं असावं. त्या संध्याकाळी पुण्याहून फोन आला तेव्हा मेश्राम ताईंनी फक्त सांगितलं, "पास झाले मावशी, पण कॉपी करून."

ओकादा बाई डॅफोडिल फुलायच्या सुमाराला गेल्या. निरोपाला मोजकीच माणसं चालणार होती, मेश्राम ताई त्यात होत्या. त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही, रस्सा नाही, डबे नाहीत. खिडकीत फुलदाणी रिकामी होती. आठवड्याभराने दाराच्या मुठीला पुन्हा डबा अडकवलेला मिळाला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि नागपूरला परत जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सकाळी मी आमच्या खिडकीत निरोपाचे ट्यूलिप ठेवले, हातात मावतील तेवढे. टॅक्सी आमच्या दारावरून जाणार होती. मेश्राम ताई मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि शेजारच्या सीटवर फुलदाणीला बेल्ट लावून बसवलं होतं. टॅक्सी हळू झाली. त्यांनी खिडकीतले ट्यूलिप पाहिले, काच खाली केली, आणि दोन्ही हातांनी कात्र्या केल्या. मी हसत दारात आले. तेवढ्यात त्या टॅक्सी थांबवून उतरल्या, तरातरा आमच्या घरात शिरल्या, झुबक्यातला एक ट्यूलिप उपसून घेतला आणि वळल्या. दारापर्यंत गेल्या. थांबल्या. परत आल्या आणि आणखी एक घेतला. मग माझ्याकडे बघून तिसराही.

विमानतळावर काढूनच टाकावे लागणार होते ते. वळणावर टॅक्सीच्या मागच्या काचेतून फुलदाणीतले तिन्ही ट्यूलिप हलताना दिसत होते आणि त्यांच्या मधून मेश्राम ताईंचा हात. तीन म्हणजे जास्तच झालं होतं. पण कात्री दाखवायला आता वर खिडकीत कोणी नव्हतं.